मंदपणामागचा हात

"या जगात आपोआप मंद असं काही होत नाही. प्रत्येक मंदपणामागे कोणाचा तरी हात असतो!" रघुवीर गोगटे म्हणाले.

केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभून दिसलं असतं. अडचण एवढीच होती की वाक्याला हात घालण्याआधी गोगट्यांनी संगणकावर 'संपादकीय' नावाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली होती. वाक्य म्हणून झालं, त्यानंतर पाळायची ती गंभीर शांतता पाळून झाली, बशीतलं थालीपीठ गार झालं, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ आपलं उलटं-सुलटं होतच होतं.

"हात तुमचाच आहे," स्मिताबाई म्हणाल्या. "तो त्या माउसवरून काढा आणि थालीपीठ खा."

बायकोच्या बोलण्यात पुरावा नसतो, असं गोगट्यांचं जुनं मत असल्यामुळे त्यांनी याची नोंद घेतली नाही.

प्रकरण होतं मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं. चंदीगडचं मराठी मंडळ म्हणजे धर्मशाळेसारखं. लष्करातले, हवाईदलातले, बँकेतले लोक बदलीवर येतात, एक-दोन गणपती साजरे करतात, आरतीची चाल कुणाच्या जिल्ह्याची यावर भांडतात आणि भांडण रंगात आलं की बदली होऊन निघून जातात. टिकून राहिले ते गोगटे. निवृत्तीनंतर ते इथेच सेक्टर ४४ मधल्या फ्लॅटमध्ये राहिले आणि दर गणेशोत्सवाला निघणाऱ्या स्मरणिकेचं संपादकपद त्यांच्याकडे राहिलं. ते त्यांच्याकडून काढून घेण्याइतका वेळ चंदीगडात कोणी राहिलंच नव्हतं.

या वर्षी मात्र धोका होता. मंडळाचे नवे अध्यक्ष, निवृत्त विंग कमांडर विश्राम धमधेरे, यांनी इथेच घर घेतलं होतं आणि त्यांची सून मधुरिमा मोहालीत संगणकाच्या कंपनीत होती. "गोगटे, गेल्या वर्षी स्मरणिका विसर्जनाच्या दिवशी हातात पडली," धमधेरे कार्यकारिणीत म्हणाले होते. "या वर्षी प्रतिष्ठापनेला आली तर तुमची. नाही आली तर पुढच्या वर्षीपासून मधुरिमा मोबाइलवर काढेल. छापणं बंद." हवाईदलातल्या माणसाला खालचं सगळं लहान दिसायची सवय असते. ते हसत म्हणाले होते. गोगट्यांना त्या हसण्यात सगळी योजना दिसली.

आता स्मरणिका उशिरा का निघायची, तर ती ज्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षं होत आली, तो प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. नव्या संगणकावर त्याच फाइली उघडल्या की 'श्रीगणेशाय नमः' च्या जागी एखाद्या बंडखोर संघटनेचा सांकेतिक निरोप दिसायचा. यावर तोडगा काढला तो आश्लेषाने. आश्लेषा ही गोगट्यांची मुलगी, सेक्टर ६७ मधल्या औषधनिर्माण संस्थेत संशोधन करणारी. चंदीगडातच वाढल्यामुळे तिला मराठी सगळं कळायचं, फक्त उत्तर हिंदीत यायचं. तिने नव्या संगणकाच्या आत एक व्हर्च्युअल मशीन उभं करून दिलं. म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक. त्याला खोटी डिस्क, खोटी मेमरी आणि त्यावर खरी जुनी विंडोज. नव्या सुनेच्या संसारात सासऱ्यांची खोली वेगळी असावी, तिथे त्यांचा रेडिओ आणि त्यांची तपकीर, तशी ती व्यवस्था होती.

"और बाबा, कुछ गड़बड़ होने का डर हो तो पहले स्नैपशॉट ले लेना," जाता जाता ती म्हणाली होती. "मशीन जैसी है वैसी फ्रीज़ हो जाती है. बाद में वहीं वापस आ सकते हो."

मुलीच्या तोंडून कानावर पडलेलं बरंचसं गोगटे सोडून देत. हे मात्र त्यांनी काळजात जपून ठेवलं. जशी आहे तशी गोठवता येणारी गोष्ट! नोकरीच्या काळात त्यांना हे मिळालं असतं तर किती कार्यालयं त्यांनी गोठवली असती! शिवाय त्याला एक कडू पार्श्वभूमी होती. मागे एकदा एका मेजरसाहेबांनी 'माझा फोटो आधी मोठा होता, संपादकांनी लहान केला' असा आरोप भर सभेत केला होता आणि गोगट्यांकडे तो आधीपासूनच लहान होता याचा पुरावा नव्हता. मेजरसाहेब बदलून तेजपूरला गेले, जखम चंदीगडला राहिली. त्यामुळे आता गोगटे दर बदलाआधी स्नॅपशॉट घेत. बदलानंतर घेत. चहाला उठताना घेत, चहा पिऊन आल्यावर, मधल्या वेळात कोणी काही केलेलं नाही ना याची खात्री म्हणून, पुन्हा घेत.

आणि मशीन मंदावलं.

पहिला संशय शेजारच्या बराडांवर गेला. सरदार गुरनाम सिंग बराड हे सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यावर वाहतूक निरीक्षक होते. निवृत्त होऊनही बोलताना हात असे हलवत की समोरचा माणूस आपोआप मागे सरून जागा देई. जगातल्या कुठल्याही बिघाडाकडे ते बस म्हणून पाहत.

"गोगटे जी, सवारियां ज़्यादा चढ़ा रखी हैं आपने," संगणकासमोर खुर्ची ओढत ते म्हणाले. "गड्डी लोड ते है. छत ते वी बंदे बैठे ने. पहले उतारो!"

"इसमें सवारी नहीं होती, बराड जी. डेटा होता है."

"ओही! डेटा उतारो."

आता पाहा, हा सल्ला अक्षरशः बरोबर होता. पण गोगट्यांचं लक्ष सल्ल्याकडे नव्हतं. बराड सल्ला देताना खिशातून मोबाइल काढून नातवाला व्हिडिओ कॉल करत होते, आणि तो कॉल गोगट्यांच्या वायफायवर चालला होता. कोण्या एका लोहडीच्या सणाला बराडांचे जावई आले असताना पासवर्ड दिला होता तो परत घ्यायचा राहून गेला होता. म्हणजे इकडे 'संपादकीय' उघडेना आणि तिकडे कॅनडातलं बाळ मजेत रांगतंय. गोगट्यांना हात सापडला.

त्याच दुपारी त्यांनी पासवर्ड बदलला. रागाच्या भरात माणूस मातृभाषेकडे वळतो. त्यांनी रोमन लिपीत 'बराडनको' असा पासवर्ड ठेवला, पुढे एक आकडा लावला आणि समाधानाने एक स्नॅपशॉट घेतला.

"बाबा, डिस्क धीमी है. उसका वायफाय से क्या लेना-देना?" संध्याकाळी आश्लेषा म्हणाली.

"लेना-देना सिद्ध व्हायचंय अजून," गोगटे म्हणाले.

मशीन तसंच राहिलं. बराडांकडून बागेतल्या भेंड्या यायच्या, त्या मात्र बंद झाल्या.

दुसरा संशय मधुरिमावर. गेल्या वर्षी ती प्रसादाचं ताट घेऊन आली असता "काका, अजून हे वापरता?" असं म्हणून कीबोर्डला तिने एक बोट लावलं होतं. फक्त एक. पण तिच्या क्षेत्रातल्या माणसाला एक बोट पुरतं. गोगट्यांनी स्मिताबाईंना विचारलं, "ती कुठल्या बटणाला लागली होती, आठवतं का तुला?"

"तिचा हात तुपाचा होता, तेवढं आठवतं. मीच पुसलं नंतर."

"पुसलं? पुरावा पुसलास?"

स्मिताबाई या वेळी घेवड्याच्या शिरा काढत होत्या आणि स्मरणिकेसाठी स्वतःचा लेख तोंडी सांगत होत्या. लेखाचं नाव 'बदल्यांचा पाटा'. लग्नात आलेला पाटा-वरवंटा त्यांनी प्रत्येक बदलीत कसा बरोबर नेला, कुठल्या गावी त्यावर काय वाटलं, असा. त्या सांगत आणि गोगटे टंकत. लिहून ठेवण्याची स्मिताबाईंना सवय नव्हती. "बोलते तेच लिहा, तुमचं मध्ये घालू नका," एवढीच त्यांची अट.

त्यात एक परिच्छेद असा आला की नागपूरहून चंदीगडला येताना गोगट्यांनी ट्रकवाल्याकडून 'दगड, काळा, टाकी लावलेला, नग एक' अशी सही घेतली, आणि इथे पोचल्यावर हाच तो दगड कशावरून म्हणून भर रस्त्यात पाट्यावर थोडं खोबरं वाटून पाहायला लावलं. ट्रकवाल्याने चटणी चाखली आणि म्हणाला, "साब, पत्थर तो वही है, आप बदल जाओ."

गोगट्यांनी ते इमानेइतबारे टंकलं. स्मिताबाई भाजी फोडणीला टाकायला आत गेल्या, तेव्हा त्यांनी एक स्नॅपशॉट घेतला आणि परिच्छेद काढून टाकला. संपादकाला जागेचा विचार करावा लागतो.

आता शेवटचा उपाय उरला होता. नवी डिस्क, म्हणजे एसएसडी. पण संगणक मंडळाचा, म्हणजे खरेदी मंडळाची, आणि मंडळाच्या कुठल्याही खरेदीला तीन दुकानांची लेखी दरपत्रकं लागत. हा नियम गोगट्यांनीच घालून दिला होता, तोही मोदकांच्या साच्यांच्या खरेदीवरून.

"साहेब, वेळ थोडा आहे. या वेळी नियम शिथिल केला तर?" त्यांनी फोनवर धमधेऱ्यांना विचारलं. हे विचारताना त्यांना आपण कोणा दुसऱ्याचंच तोंड वापरतोय असं वाटत होतं.

"गोगटे, गेल्या वर्षी मी सतरंजी आणली तेव्हा तुम्ही मला दोनदा परत पाठवलंत," धमधेरे प्रेमाने म्हणाले. "तीन आणा. शिक्क्यासकट."

सेक्टर २२ च्या बाजारात पहिल्या दुकानदाराने दरपत्रक दिलं, पण त्यावर शिक्का दुसऱ्याच दुकानाचा होता. दुसऱ्याने शिक्का बरोबर मारला आणि दर लिहायचा विसरला. तिसरा म्हणाला, "पाजी, छोटी सी चीज़ है, कोटेशन क्या करोगे? ले जाओ, लगाओ, न चले तो वापस."

गोगटे दोन पावलं मागे सरले. ज्याला कागद नको, तो माणूस सरळ असूच शकत नाही. "मेरे बगैर आपका भी क्या भरोसा?" त्यांनी विचारलं. हे वाक्य नेमकं काय होतं ते त्यांनाही नंतर कळलं नाही, पण दुकानदाराने गहिवरून चहा मागवला आणि चहाच्या भरात दरपत्रकही लिहून दिलं.

पहिली दोन दरपत्रकंही दुरुस्त करून घेतली, जुनी डिस्क बदल्यात दिली आणि एसएसडी बसली. तिची जागा जुन्या डिस्कपेक्षा कमी होती, पण वेग असा, की नवा संगणक बटण दाबायच्या आत तयार. गोगट्यांना गहिवरून आलं. मग त्यांनी आतलं मशीन उघडलं. वाळूचं घड्याळ. उलटं. सुलटं. बाहेरच्या घरात विजेचे दिवे लागले आणि सासऱ्यांच्या खोलीत कंदीलच!

मग त्यांनी इंटरनेटवर वाचून इलाज सुरू केले. आतल्या मशीनला जास्त मेमरी दिली. बाहेरच्याची कमी झाली, आता दोघंही धापा टाकू लागले. कोणीतरी लिहिलं होतं की आतल्या डिस्कची जोडणी नव्या पद्धतीची करा. ती केल्याबरोबर जुन्या विंडोजने निळा पडदा पुढे केला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आपली शेवटची इच्छा लिहिली. स्मरणिका गेली! घाईघाईने गोगट्यांनी सगळ्यात ताजा स्नॅपशॉट निवडला, मागे आले, आणि सगळं होतं तसं, होतं तितकंच मंद, पुन्हा समोर उभं राहिलं.

"पाहिलंस?" ते स्मिताबाईंना म्हणाले. "सगळं जपून ठेवलं म्हणून वाचलो."

"वर्षानुवर्षांचं कशाला जपायचं? कोण मागणार आहे जुनं?"

"मागणारे निघतात," गोगटे म्हणाले आणि त्या आनंदात आणखी दोन स्नॅपशॉट घेतले.

प्रतिष्ठापना आठवड्यावर आली. स्मरणिकेचं एक पान उलटायला एक चहा आणि एक डुलकी लागत होती. अखेर गोगट्यांनी जे करायचं ते केलं. त्यांनी मशीनची रीतसर तपासणी मांडली. संशयितांची नावं, प्रत्येकाला मिळालेली संधी, मंदपणात पडलेली भर. आणि निष्कर्ष ऐकायला रविवारी आश्लेषाला समोर बसवलं.

"आता दाखवतो," ते म्हणाले. "बराड आले त्या दिवशी मशीन कसं होतं, आणि गेल्यावर कसं होतं. दोन्ही माझ्याकडे गोठवलेलं आहे." त्यांनी स्नॅपशॉटांची खिडकी उघडली.

एकाखाली एक ओळी उलगडू लागल्या. 'बराड येण्यापूर्वी'. 'बराड गेल्यानंतर'. 'बराड पुन्हा (छत्री विसरले म्हणून)'. 'चहापूर्वी'. 'चहानंतर'. 'मधुरिमाचे बोट, आधी'. 'मधुरिमाचे बोट, नंतर'. 'धमधेरे यांचे मनोगत, मूळ'. 'तेच, स्वल्पविरामासह'. 'वीज गेली (?)'. आश्लेषा सरकवत गेली, सरकवत गेली, आणि तळ काही येईना. मध्येच 'स्मिताचा लेख, कापण्यापूर्वी' अशी ओळ आली तेव्हा गोगट्यांनी पडद्यावरची धूळ पुसावी तसा तळहात ठेवला.

"बाबा," आश्लेषा म्हणाली. तिचा आवाज प्रयोगशाळेत उंदीर दगावल्यावर येतो तसा झाला होता. "ये सब आपने लिए? ये तो सौ से ऊपर होंगे!"

"लेखापरीक्षणात..."

"बाबा, सुनो. हर स्नैपशॉट एक परत है, कांच जैसी. उसके बाद जो बदला, वो ऊपर वाली परत में. अब मशीन को एक अक्षर पढ़ना हो तो पहले ऊपर वाली से पूछती है. यहाँ नहीं है. फिर नीचे. वहाँ भी नहीं. फिर और नीचे. कभी-कभी एक अक्षर के लिए सौ परतें."

हळूहळू गोगट्यांच्या डोळ्यांसमोर एक फाइल आली. लाल फितीने बांधलेली, उशीएवढी जाड, प्रत्येक पानावर 'मागील टिपणी पाहावी' असं लिहिलेली. मागच्या पानावर तेच, त्याच्याही मागच्या पानावर तेच. आणि पहिली टिपणी ज्याने लिहिली तो केव्हाच निवृत्त.

"अगं, पण आमचं सगळं कार्यालय असंच चालायचं!"

"तेज़ चलता था?"

आतून स्मिताबाई हसल्याचा आवाज आला, पण तो कुकरचाही असू शकेल, असं गोगट्यांनी स्वतःपुरतं नोंदवलं. मंदपणामागचा हात सापडला होता. तो अजून माउसवर होता.

उपाय सोपा होता. सगळे स्नॅपशॉट काढून टाकायचे, म्हणजे सगळे थर एकमेकांत मिसळून एकच सपाट डिस्क होईल. पण मिसळायला मोकळी जागा लागते, आणि नव्या डिस्कवर ती उरलेली नव्हती. कौटुंबिक फोटो, लग्नकार्यांचे व्हिडिओ तात्पुरते दुसरीकडे हलवायचे, तर बाहेरची हार्ड डिस्क हवी. सोसायटीत ती एकाच माणसाकडे होती.

बराडांनी दार उघडलं.

"गोगटे जी," बराड म्हणाले, "तुसी मेरे ते शक कीता सी. मैनूं पता है."

"हमारा काम ही ऐसा था, बराड जी. किसी पर न करें तो लगता था, आज दफ्तर गए ही नहीं."

बराडांनी एवढा मोठा हात त्यांच्या पाठीवर मारला की गोगटे आपसूक घरात शिरले. डिस्क लगेच हातात आली. तिच्यात मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, तो सांभाळा, एवढंच म्हणाले. गोगट्यांनी खिशातून कागद काढून पोच लिहायला घेतली. बराडांनी तो कागद घेतला, त्यात चार भेंड्या बांधल्या आणि परत दिला.

"ते पासवर्ड दस्सो नवां. पोता याद करदा है."

गोगट्यांनी तो एकेक अक्षर करून सांगितला. बराडांनी मोबाइलवर टिपला आणि ओठांत वाचून पाहिला.

"बराड... नको. एह 'नको' की होया?"

"हमारे में," गोगटे जमिनीकडे पाहत म्हणाले, "बड़ों के नाम के आगे लगाते हैं. आदर से."

बराडांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून ते गोगट्यांना 'गोगटे नको' म्हणू लागले, आणि भर सोसायटीत म्हणू लागले.

जागा मोकळी झाली. आश्लेषाने सगळ्या ओळी एकदम निवडल्या. पडद्यावर इशारा आला की ही कृती मागे घेता येणार नाही. गोगट्यांनी तो तीनदा वाचला. मागे घेता येणार नाही अशी एकही सही त्यांनी उभ्या नोकरीत केली नव्हती.

"बाबा, दबाऊँ?"

"एक आधी... म्हणजे हे करण्यापूर्वीचा एक स्नॅपशॉट..."

"बाबा!"

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. दिवसभर पट्टी सरकत राहिली. मिक्सर लावायचा नाही, इस्त्री नाही, पंखासुद्धा नको, असा घरात बंदोबस्त होता. दुपारी दिवे एकदा मिचकावले तेव्हा गोगटे संगणकावर पाखर घालून उभे राहिले, जणू विजेला ते दिसणार होतं. स्मिताबाईंनी माळ्यावरचा पाटा काढून त्यावर चटणी वाटली.

आणि मग झालं. गोगट्यांनी 'संपादकीय' वर टिचकी मारली आणि चष्मा डोळ्यांवर चढवायला घेतला; चष्मा नाकापर्यंत पोचायच्या आत फाइल उघडलेली! पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. त्यांनी आश्लेषाकडे संशयाने पाहिलं.

स्मरणिका चार दिवस आधीच छापखान्यात गेली. धमधेऱ्यांचा फोन आला. "गोगटे, मानलं तुम्हाला. संपादकपद तुमचंच. मधुरिमा म्हणते, एवढ्या जुन्या मशीनवर हा वेग म्हणजे काकांनी कमाल केली. काय केलंत हो?"

"काही नाही साहेब," गोगटे खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "जुनं धरून ठेवायचं नाही, एवढंच तत्त्व."

प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी पहिली प्रत घरी आली. शाईचा वास होता. गोगट्यांनी ती स्मिताबाईंच्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्यांनी स्मरणिकेतली जाहिरातींपलीकडची पानं उलटलेली गोगट्यांना आठवत नव्हती. आज त्या चष्मा लावून खिडकीशी बसल्या, आपला लेख काढला, आणि ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचला. मग पान उलटलं. पुन्हा मागे आल्या.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "ट्रकवाल्याचं गाळलंत ना?"

"जागेचा प्रश्न होता, अगं."

स्मिताबाईंनी पान त्यांच्यासमोर धरलं. लेखाखाली अर्धं पान कोरं होतं आणि त्याच्या मधोमध मंडळाच्या बोधचिन्हातला गणपती एकटा बसला होता.

"असू दे. रागावले नाही मी," त्या म्हणाल्या. "पण सांगताना मला मजा आली होती हो, आणि आता काही केल्या तसं जुळत नाही. छापायला नको, कोणाला दाखवायलाही नको. मला एकटीला वाचायचंय. तुम्ही तर काहीच टाकून देत नाही. तेवढा एक जुना काढून द्या ना."